शेवटच्या पानाची घाई

२१ जुलै २०२५ रोजी मुंबई उच्च न्यायालयाने लोकल गाड्यांतल्या साखळी बॉम्बस्फोटांच्या खटल्यातल्या सर्व बारा आरोपींची शिक्षा रद्द केली. ११ जुलै २००६च्या संध्याकाळी पश्चिम रेल्वेच्या पहिल्या वर्गाच्या डब्यांत अकरा मिनिटांत सात स्फोट झाले होते आणि १८०हून अधिक माणसे मेली होती. विशेष न्यायालयाने २०१५मध्ये पाच जणांना फाशी आणि सात जणांना जन्मठेप सुनावली होती. त्यांतला एक जण अपिलाचा निकाल लागण्याआधीच कैदेत असताना वारला. या निकालानंतर दहा दिवसांनी, ३१ जुलैला, मालेगावच्या २००८च्या स्फोटातले सातही आरोपी विशेष न्यायालयाने निर्दोष सोडले. महाराष्ट्राला हादरवणाऱ्या दोन हल्ल्यांबद्दल एकाच महिन्यात न्यायालयांनी एकच गोष्ट सांगितली: पोलिसांनी जी हकिगत आमच्यापुढे ठेवली, ती सिद्ध झाली नाही.

त्यानंतरची चर्चा ज्यांनी ऐकली त्यांना आठवत असेल. एका निकालावर जे संतापले, ते दुसऱ्यावर आनंदले. पहिल्यावर ज्यांनी सुटकेचा श्वास सोडला, ते दुसऱ्यावर खवळले. दोन्ही बाजूंना आपापला खलनायक आधीच ठाऊक होता. मग बॉम्ब ठेवले तरी कोणी, हा प्रश्न लावून धरला तो मेलेल्यांच्या नातेवाइकांनी आणि डब्यातून वाचलेल्या, हातपाय गमावलेल्या माणसांनी. बाकीच्यांचा रस निकालाच्या बातमीबरोबर संपला.

असे का होते याचे एक कारण मला आपल्या वाचनात आणि पाहण्यात दिसते. दहशतवाद आपण हेरकथेसारखा वाचायला शिकलो आहोत. आंतरराष्ट्रीय कटाच्या कादंबऱ्या मी शाळेपासून वाचत आलो आहे आणि अजूनही हातात आली की रात्र जागवून संपवतो. तेव्हा हा वाङ्मयप्रकार हलका आहे, असल्या गोष्टी वाचू नयेत, असे मला मुळीच म्हणायचे नाही. पण या कथांनी आपल्या मनात एक साचा पाडला आहे. हल्ला झाला की आपण तोच साचा घेऊन पोलिसांकडे, सरकारकडे, न्यायालयाकडे जातो. त्याची किंमत फार मोठी आहे.

हेरकादंबरीचा सांगाडा सगळ्यांच्या ओळखीचा आहे. कट एका परदेशी शहरात शिजतो, पैसा दुसऱ्या देशातून येतो, स्फोटके तिसऱ्यातून, आणि सगळी सूत्रे एकाच थंड डोक्याच्या माणसाच्या हातात असतात. त्याच्याविरुद्ध आपला एकटा हेर. त्याचे वरिष्ठ फायलींत गुंतलेले, मंत्री भित्रे किंवा विकले गेलेले, आणि कायदा म्हणजे पायातली बेडी. घड्याळाचे काटे पुढे सरकत असतात. हेर एका पकडलेल्या माणसाला बंद खोलीत नेतो, मारतो, तो माणूस बोलतो आणि जे बोलतो ते खरे निघते.

सगळा घोटाळा या बंद खोलीत आहे. कादंबरीत मार खाणारा माणूस दोषी असतो, कारण लेखकाने त्याला दोषी म्हणूनच घडवलेला असतो. दोन प्रकरणे आधी आपण त्याला पिशवी ठेवताना पाहिलेले असते. त्यामुळे त्याचे तोंड उघडणे म्हणजे सत्य बाहेर येणे, यात वाचकाला शंका येण्याचे कारणच नसते. काळाचौकीच्या किंवा भोईवाड्याच्या कोठडीत बसवलेल्या माणसाबद्दल असे आधीचे पान कोणी वाचलेले नसते. मार थांबावा म्हणून माणूस जे समोरच्याला हवे ते बोलतो. निरपराध माणूसही बोलतो, आणि तो जास्त भराभर बोलतो, कारण त्याला कोणाला वाचवायचे नसते.

म्हणूनच पोलिसांपुढे दिलेला कबुलीजबाब पुरावा म्हणून चालत नाही, हा नियम आपल्या पुरावा कायद्यात इंग्रजांच्या काळापासून आहे. साम्राज्य चालवणाऱ्यांनाही आपल्या ठाण्यांत काय चालते ते माहीत होते. आधी टाडा या दहशतवादविरोधी कायद्याने, मग महाराष्ट्राच्या १९९९च्या मोक्का या संघटित गुन्हेगारीविरोधी कायद्याने या नियमाला अपवाद केला आणि उपायुक्त किंवा अधीक्षक दर्जाच्या अधिकाऱ्यापुढचा कबुलीजबाब ग्राह्य ठरवला. लोकल स्फोटांचा खटला बऱ्याच अंशी अशा कबुलीजबाबांवर उभा होता. उच्च न्यायालयाने ते विश्वासार्ह मानले नाहीत. वेगवेगळ्या अधिकाऱ्यांपुढच्या जबाबांत सारखाच मजकूर आढळल्याची नोंद न्यायालयाने केली आणि छळाच्या तक्रारींत तथ्य दिसते असे म्हटले. टॅक्सीवाल्यांसारखे साक्षीदार शंभराहून अधिक दिवसांनी पुढे आले होते. स्फोटांत वापरलेले बॉम्ब नेमके कोणत्या प्रकारचे होते, हेदेखील सरकार पक्षाला सिद्ध करता आले नाही. राज्य सरकार सर्वोच्च न्यायालयात गेले आहे आणि हा निकाल इतर खटल्यांत दाखला म्हणून वापरू नये एवढी स्थगिती तिथे मिळाली आहे. पुढे काय ठरेल ते ठरो. एकोणीस वर्षांनंतरही तपास या अवस्थेत आहे, हे त्याने बदलत नाही.

याच प्रकरणातली आणखी एक गोष्ट फारशी बोलली जात नाही. राज्याच्या दहशतवादविरोधी पथकाने, म्हणजे एटीएसने, २००६मध्येच आरोपपत्र दाखल केले होते. २००८मध्ये मुंबईच्याच गुन्हे शाखेने दुसऱ्या एका संघटनेची माणसे पकडली आणि त्यांतल्या एकाने लोकलचे स्फोट आपल्या गटाने केल्याचा जबाब दिला. पुढे तो जबाबही टिकला नाही. म्हणजे एकाच शहरातल्या पोलिसांच्या दोन शाखांकडे एकाच संध्याकाळच्या दोन हकिगती होत्या. मालेगावच्या २००६च्या स्फोटांतही हेच झाले. आधी नऊ मुसलमान तरुण पकडले गेले, पाच वर्षे तुरुंगात राहिले. नंतर राष्ट्रीय तपास यंत्रणेने वेगळ्याच गटावर आरोपपत्र ठेवले आणि २०१६मध्ये पहिल्या आरोपींना न्यायालयाने वगळले. तोवर त्यांच्यातला एक जण मरण पावला होता.

कादंबरीत दोन शाखांच्या दोन हकिगती असल्या तर त्यांतली एक खोटी पाडायला नायक असतो. इथे ते काम कोणाचे? कोणाचेच नाही. आणि ते कोणाचेच नाही याला आपली घाई जबाबदार आहे. स्फोटानंतर चार दिवसांत ‘सूत्रधार कोण’ हे हवे असते, पंधरा दिवसांत अटक हवी असते, वर्षभरात फाशी हवी असते. गृहमंत्र्यांना विधानसभेत उत्तर द्यायचे असते, आयुक्तांना पत्रकार परिषद घ्यायची असते, वाहिनीला रात्री नऊला चेहरा हवा असतो. शेवटचे पान आधी ठरते आणि मधली पाने त्याच्या मापाने लिहिली जातात.

आंतरराष्ट्रीय कट नसतात असे मी म्हणत नाही. २६ नोव्हेंबर २००८चा हल्ला कोणत्याही कादंबरीला मागे टाकील असा कट होता. दहा जण कराचीहून समुद्रमार्गे निघाले, वाटेत ‘कुबेर’ ही गुजरातची मासेमारी नौका बळकावली, तांडेलाला ठार मारले आणि रबरी होडीतून कफ परेडजवळच्या मच्छीमार वस्तीच्या किनाऱ्याला लागले. हल्ला चालू असताना त्यांचे सूत्रधार पाकिस्तानातून फोनवर त्यांना हुकूम देत होते. १६६ माणसे मेली. हे सगळे खरे, आणि न्यायालयात सिद्ध झालेले. पण त्याच खटल्यात एक उपकथानक होते, ते माझ्या म्हणण्याच्या अगदी मध्यभागी येते.

एवढ्या अचूक हल्ल्याला घरभेदी हवाच, अशी सगळ्यांची खात्री होती. पोलिसांनी दोन भारतीयांना, जिवंत पकडलेला एकमेव हल्लेखोर कसाब याच्याबरोबर, आरोपी केले. त्यांनी हाताने काढलेले मुंबईचे नकाशे हल्लेखोरांना पोहोचवले, असा आरोप होता आणि त्यांतला एक नकाशा गिरगाव चौपाटीवर मारल्या गेलेल्या अतिरेक्याच्या खिशात सापडल्याचे सांगितले गेले. न्यायमूर्ती ताहलियानी यांनी तो कागद पाहिला. माणूस रक्तात न्हालेला होता. नकाशावर रक्ताचा डाग नव्हता, तो चुरगळलेलाही नव्हता. मे २०१०मध्ये कसाब दोषी ठरला आणि ते दोघे सुटले. उच्च आणि सर्वोच्च न्यायालयानेही त्यांची सुटका कायम ठेवली. देश संतापाने पेटलेला असताना एका न्यायाधीशाने कागदाची घडी तपासावी, याचा मला आजही अभिमान वाटतो.

मुंबईची टेहळणी कोणी केली होती, ते तोवर उघड झालेच होते. ऑक्टोबर २००९मध्ये शिकागोच्या विमानतळावर डेव्हिड हेडलीला अटक झाली. वॉशिंग्टनमध्ये जन्मलेला, मूळचा दाऊद गिलानी, २००६मध्ये नाव बदललेला. अमेरिकन पासपोर्टवर तो पुन्हा पुन्हा मुंबईत आला, स्थलांतर सल्ल्याचे कार्यालय थाटून राहिला, ताजमहाल हॉटेलचे चित्रीकरण करून गेला, होडीतून फिरून उतरण्याची जागा हेरून गेला. हा माणूस पूर्वी अमेरिकेच्या अमली पदार्थविरोधी खात्याचा खबऱ्या होता. आणि त्याच्याबद्दलचे इशारे कोणी दिले होते? त्याच्या बायकांनी. एकीने २००५मध्ये न्यूयॉर्कमध्ये तक्रार केली, तो पाकिस्तानी संघटनेच्या शिबिरात जातो असे सांगितले. दुसरीने इस्लामाबादच्या अमेरिकन दूतावासात जाऊन तेच सांगितले. नवराबायकोच्या भांडणातली तक्रार म्हणून ती बाजूला पडली. जगातल्या सर्वांत श्रीमंत गुप्तचर यंत्रणेच्या टेबलावर उत्तर पडून होते आणि ते कोणी दुसऱ्या टेबलावर नेले नाही.

खऱ्या अपयशांचे रूप बहुतेक वेळा असेच असते. ११ सप्टेंबर २००१च्या हल्ल्यातले दोन जण जानेवारी २००० मध्ये क्वालालंपूरच्या बैठकीला होते, हे सीआयएला ठाऊक होते. त्यांतल्या एकाकडे अमेरिकेचा व्हिसा आहे हेही ठाऊक होते. एफबीआयला ते वेळेवर कळवले गेले नाही. मुंबईच्या बाबतीतही समुद्रमार्गे हल्ला, मोठी हॉटेले लक्ष्य, अशा आशयाच्या सूचना आधीपासून येत होत्या. निवृत्त गृहसचिव राम प्रधान आणि रॉ या परदेशी हेरगिरीसाठीच्या यंत्रणेतून निवृत्त झालेले व्ही. बालचंद्रन यांच्या समितीने राज्याच्या गृहखात्यात या सूचना कशा हाताळल्या जात होत्या त्यावर बोट ठेवले, पोलिसांच्या गोळीबार सरावाला दारूगोळा पुरत नव्हता हे नोंदवले. यात खलनायक नाही. कारकुनी आहे, टिप्पणी आहे, आवक-जावक नोंदवही आहे, न झालेली खरेदी आहे. हेरकथेत फायलींना चिकटलेला साहेब हा नेहमी अडथळा असतो. वास्तवात ती फाइल नीट वाचणारा आणि पुढे पाठवणारा साहेबच माणसे वाचवतो.

दुसऱ्या टोकाचे उदाहरण केरळचे आहे. १९९४च्या शेवटी तिरुवनंतपुरममध्ये मालदीवच्या दोन स्त्रिया, इस्रोचे शास्त्रज्ञ आणि परदेशाला विकलेले रॉकेटचे गुपित, अशी कथा वर्तमानपत्रांत महिनोन् महिने क्रमशः चालली. तिच्यात हेरकादंबरीला लागणारे सगळे होते. नव्हता तो पुरावा. क्रायोजेनिक इंजिनाच्या प्रकल्पाचे प्रमुख नंबी नारायणन पन्नास दिवस कोठडीत राहिले आणि त्यांनी छळ सोसला. १९९६मध्ये सीबीआयने प्रकरण खोटे असल्याचा अहवाल दिला. सप्टेंबर २०१८मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्यांना पन्नास लाख रुपये भरपाई दिली, तेव्हा त्यांचे वय शहात्तरच्या पुढे होते. त्या काळात ज्या वाचकांनी सकाळी चहाबरोबर ती कथा चवीने वाचली, त्यांतल्या प्रत्येकाने अंक विकत घेऊन तिला पुढचा हप्ता मिळवून दिला होता.

कसाबच्या बिर्याणीचीही आठवण ठेवली पाहिजे. त्याने तुरुंगात मटण बिर्याणी मागितली, ही गोष्ट वर्षानुवर्षे सभांमधून सांगितली गेली. खटला चालवणारे सरकारी वकील उज्ज्वल निकम यांनीच २०१५मध्ये सांगितले की ती आपण रचली होती. कसाबविषयी सहानुभूतीची लाट येऊ लागली म्हणून. कसाबविरुद्धचा पुरावा इतका भक्कम होता की त्याला कशाचीही जोड लागत नव्हती. तुकाराम ओंबळे यांनी अंगावर गोळ्या झेलून त्याला जिवंत पकडून दिले, म्हणूनच तो पुरावा उभा राहू शकला. आपल्याकडच्या सगळ्या हल्ल्यांत ज्या खटल्यात शेवटपर्यंत शंका उरली नाही, तो खटला एका सहायक उपनिरीक्षकाने जिवाची किंमत देऊन मिळवलेल्या जिवंत आरोपीवर आणि नियमाप्रमाणे चाललेल्या सुनावणीवर उभा आहे. सूत्रधारांविरुद्धची आपली बाजूही तिथूनच मजबूत झाली. अशा खटल्याला रचलेल्या प्रसंगाची ठिगळे लावणे हा ओंबळे यांच्यावर अन्याय आहे.

मग करायचे काय? माझी मागणी नेमकी आहे. मोठ्या दहशतवादी हल्ल्यानंतर, फौजदारी तपासापासून स्वतंत्र अशी चौकशी कायद्याने बंधनकारक करावी. तिला केंद्राच्या आणि राज्याच्या गुप्तचर यंत्रणांची कागदपत्रे मागण्याचा अधिकार असावा, आणि तिचा अहवाल ठरलेल्या मुदतीत विधिमंडळात व संसदेत मांडला जावा. प्रधान समितीला हा अधिकार नव्हता. ती राज्य सरकारने नेमलेली, केंद्रीय यंत्रणांना प्रश्न विचारणे तिच्या कक्षेबाहेर होते. म्हणजे समुद्रावर काय झाले, दिल्लीत कोणत्या सूचना कुठे थांबल्या, हा अर्धा भाग तिला पाहताच आला नाही. आणि जेवढे तिने पाहिले, तेही सरकारने लगेच लोकांपुढे ठेवले नाही. अहवाल आधी फुटला आणि मग सभागृहात आला. २६ नोव्हेंबरच्या हल्ल्याची देशपातळीवरची खुली चौकशी आजतागायत झालेली नाही. एप्रिल २०२५मध्ये हेडलीचा साथीदार, या हल्ल्यातला आरोपी तहव्वूर राणा याला अमेरिकेतून आणले गेले तेव्हा त्याच्या विमानाचा मार्ग वाहिन्यांनी तासन् तास दाखवला. या चौकशीची आठवण कोणाला झाली नाही.

दुसरी मागणी महाराष्ट्रापुरती आहे. दहशतवादाचा खटला वरच्या न्यायालयात कोसळला, तर त्या तपासाची निवृत्त न्यायमूर्तींकडून तपासणी व्हावी. अपील लढवणे वेगळे आणि तपास का ढासळला हे शोधणे वेगळे. जबाब कोणी लिहिले, दोन शाखांच्या दोन हकिगती एकत्र का तपासल्या गेल्या नाहीत, न्यायवैद्यक पुरावा कुठे गळाला, हे कळल्याशिवाय पुढचा तपास यापेक्षा बरा कसा होणार?

अशा चौकशीने शत्रूला आयती माहिती मिळेल, असा आक्षेप येतो. तो खोटा नाही, पण त्याचे उत्तर आपणच देऊन ठेवले आहे. कारगिलनंतर के. सुब्रह्मण्यम समितीचा अहवाल काही भाग वगळून फेब्रुवारी २००० मध्ये संसदेत मांडला गेला. त्यात गुप्तचर यंत्रणांच्या चुका स्पष्ट लिहिल्या होत्या आणि त्यातूनच वेगवेगळ्या यंत्रणांची माहिती एकत्र आणणाऱ्या बहुयंत्रणा केंद्रासारख्या सुधारणा निघाल्या. अमेरिकेच्या ११ सप्टेंबर आयोगाचा अहवाल पुस्तकांच्या दुकानांत विकला गेला, लोकांनी तो विकत घेऊन वाचला. महाराष्ट्रातही १९९२-९३च्या मुंबई दंगलींवरचा श्रीकृष्ण आयोगाचा अहवाल १९९८मध्ये सभागृहात आला, सामान्य माणसाच्या हाती पडला. त्याच्या शिफारशींचे पुढे काय झाले हा दुःखाचा भाग, पण घटना कशा घडल्या याबद्दल बोट ठेवायला आपल्याकडे एक कागद आहे. चौकशी आयोग कायद्याखाली नेमलेल्या आयोगाचा अहवाल सरकारकडे आला की सहा महिन्यांत तो सभागृहात ठेवण्याचे बंधन असते. प्रधान समिती त्या कायद्याखाली नव्हती.

पोलिसांचे मनोधैर्य खचेल, हा दुसरा आक्षेप. मला तो पटत नाही. हेमंत करकरे, अशोक कामटे आणि विजय साळसकर हे पोलीस अधिकारी २६ नोव्हेंबरच्या रात्री कामा रुग्णालयाच्या बाजूच्या गल्लीत मारले गेले. त्या रात्री त्यांना कोणता निरोप मिळाला, कोणता मिळाला नाही, कुमक का पोहोचली नाही, हे त्यांच्या घरच्यांना वर्षानुवर्षे विचारत राहावे लागले. ही लपवाछपवी ज्याच्या वाट्याला येते, त्याचे मनोधैर्य कुठून टिकणार? खरा वृत्तांत न मिळाल्याने त्या गल्लीभोवती इतके तर्क आणि कटकथा उगवल्या की आज त्या वेगळ्या करणेही अवघड झाले आहे. सरकार गप्प राहिले की लोक कादंबरी रचतात, आणि प्रत्येक गट आपापली.

मूळ अडचण आणखी खोल आहे. इंटेलिजन्स ब्यूरो १८८७पासून आहे, रॉ १९६८पासून. दोन्हींना संसदेने केलेल्या कायद्याचा पाया नाही. माहिती अधिकारातून त्यांना जवळजवळ पूर्ण सूट आहे. ब्रिटनने आपल्या हेरखात्यांना १९८९ आणि १९९४ च्या कायद्यांनी चौकटीत बसवले आणि खासदारांची समिती नेमली. आपल्याकडे २०११मध्ये खासदार मनीष तिवारी यांनी खासगी विधेयक आणले, ते तसेच पडून गेले. कायद्याबाहेरचा एकटा हेर कादंबरीत शोभतो. देशाची संपूर्ण गुप्तचर व्यवस्थाच संसदेच्या कायद्याबाहेर असावी, हे कोणत्याही पक्षाला खटकत नाही, याचे मला वाईट वाटते.

आणि लिहिणाऱ्यांनाही एक विनंती. मराठीत हेरकथा पुन्हा लिहिली जाते आहे, तरुण लेखक इस्तंबूल-दुबईच्या गल्ल्या नकाशावर शोधून उभ्या करताहेत, याचा आनंद आहे. पण मंत्रालयातल्या ज्या टेबलावर समुद्रमार्गे येणाऱ्या हल्ल्याची सूचना आली, त्या टेबलावरच्या कक्ष अधिकाऱ्याची कादंबरी अजून कोणी लिहिलेली नाही. अठ्ठाविसाव्या वर्षी पकडलेला आणि सत्तेचाळिसाव्या वर्षी सुटलेला माणूस, लोकलच्या डब्यात पाय गमावलेला दुसरा माणूस, आणि दोघांनाही न मिळालेले एकच उत्तर, हा विषय कोणी हाताळलेला मी वाचलेला नाही. जुलै २००६च्या स्फोटांत जे मेले त्यांच्या घरी आज न्यायालयाचा निकाल आहे, पण त्यांना कोणी मारले याचा सरकारी कागद नाही. तो मिळेपर्यंत दर अधिवेशनात हा प्रश्न सभागृहात विचारला गेला पाहिजे, आणि तो विचारायला आपण आपल्या आमदारांना भाग पाडले पाहिजे.